परभणीतील तीन जुन्या जपानी इलेक्ट्रिक गिटारी : ओळख, निवड आणि जतन

पूर्णाकाठ (परभणी)

नमस्कार. ऐंशीच्या दशकात परभणी, सेलू, मानवत, जिंतूर या भागातील लग्ने आणि गणेशोत्सव ज्या ऑर्केस्ट्राने गाजवले, त्याचे चालक आता हयात नाहीत आणि त्यांच्या कुटुंबीयांनी सामान विकायला काढले आहे. त्यात तीन इलेक्ट्रिक गिटारी आणि एक लहान अ‍ॅम्प्लिफायर आहे. तिन्ही गिटारी जपानी आहेत, असे घरच्यांचे म्हणणे आहे. मी त्या हातात घेऊन पाहिल्या, तेव्हा पुढील गोष्टी नजरेस आल्या.

पहिली गिटार तांबड्यातून काळ्याकडे जाणाऱ्या रंगाची आहे. तिला चार पिकअप (तारांचा कंप विजेच्या संकेतात बदलणारे भाग) असून त्यांच्यासाठी दाबून चालू-बंद करण्याच्या बटणांची एक ओळ आहे. हेडस्टॉकवर, म्हणजे खुंट्या असलेल्या वरच्या भागावर, कोणतेही नाव नाही, मात्र नावाची पट्टी बसवण्यासाठी असावीत अशी दोन बारीक छिद्रे दिसतात. मागच्या धातूच्या पट्टीवर फक्त ‘मेड इन जपान’ एवढेच कोरलेले आहे, आणि एक पिकअप पूर्णपणे मुका आहे.

दुसरी लेस पॉल (अमेरिकेच्या गिब्सन कंपनीचे मॉडेल) आकाराची, बरीच जड असून तिच्यावर ‘ग्रेको’ हे नाव आहे आणि हेडस्टॉकच्या मागे ‘जी ७७’ ने सुरू होणारा क्रमांक आहे. तिची मान बोल्टने नव्हे, तर सरसाने जोडलेली दिसते. ही गिटार आखातात नोकरीला असलेल्या एका नातेवाइकाने आणली होती, असे सांगितले जाते.

तिसरी स्ट्रॅटोकास्टर (अमेरिकेच्या फेंडर कंपनीचे मॉडेल) आकाराची आहे. तिच्या हेडस्टॉकवर एका प्रसिद्ध अमेरिकन कंपनीचे नाव आहे, पण त्या अक्षरांखाली खरवडल्याच्या खुणा असल्याने मला शंका येते.

कुटुंबीयांना तिन्ही गिटारी एकत्र द्यायच्या आहेत, तरी माझी अडचण असल्यास ते एखादी वेगळीही देतील. जाणकारांकडून मला तीन गोष्टी समजून घ्यायच्या आहेत : यांतील कोणती गिटार संग्रहात ठेवण्यायोग्य आहे, अमेरिकन गिटारींच्या नकला म्हणून ज्यांच्याकडे पाहिले जाते त्या जपानी गिटारींचे स्वतःचे असे मोल काय आहे, आणि आपल्याकडच्या हवामानात त्या नीट कशा ठेवाव्यात? पहिली गिटार पुन्हा रंगवून घ्यावी, असे एका परिचिताने सुचवले आहे. त्याविषयीही मत कळवावे.

शिसवी पट्टी (छत्रपती संभाजीनगर)

तुमच्या दुसऱ्या गिटारीपासून सुरुवात करतो, कारण तिच्याविषयी बरेच ठामपणे बोलता येते.

ग्रेको हे कांदा शोकाई या टोकियोतील व्यापारी कंपनीचे नाव. ही कंपनी स्वतः गिटारी घडवत नसे. सत्तरीच्या उत्तरार्धातील बहुतेक ग्रेको गिटारी नागानो प्रांतातील मात्सुमोतो येथील फुजिगेन गाक्की या कारखान्यात तयार झाल्या. १९६० साली सुरू झालेला हा कारखाना त्याच काळात नागोयाच्या होशिनो गाक्की या कंपनीसाठी आयबानेझ गिटारीही बनवत होता. दोन्हींच्या क्रमांकाची पद्धत म्हणूनच सारखी आहे : पहिले अक्षर महिना सांगते, पुढचे दोन आकडे वर्ष सांगतात आणि उरलेले आकडे उत्पादनाचा क्रम. ‘ए’ म्हणजे जानेवारी, या हिशेबाने ‘जी’ म्हणजे जुलै. तेव्हा क्रमांक मूळचा असेल, तर तुमची गिटार जुलै १९७७ ची आहे.

हे वर्ष महत्त्वाचे का, ते थोडे विस्ताराने सांगतो, कारण तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर त्यातच आहे. सत्तरीच्या सुरुवातीला जपानी कारखान्यांनी लेस पॉल आकाराच्या ज्या गिटारी बनवल्या, त्या दुरून सारख्या दिसत, पण जवळून पाहिल्यास त्यांची मान बोल्टने जोडलेली असे आणि पुढचा फुगीर भाग अनेकदा दाबून आकार दिलेल्या प्लायचा असून त्याच्या खाली पोकळी असे. पाच-सहा वर्षांत हे चित्र पालटले. त्याच कारागिरांनी मान सरसाने जोडणे, महोगनीच्या भरीव अंगावर मेपलचा कोरलेला माथा बसवणे आणि पिकअप अधिक काळजीने गुंडाळणे आत्मसात केले. याच काळात अमेरिकन कंपन्या खर्च आणि उत्पादनाच्या सोयीसाठी जुन्या पद्धती सोडत होत्या : एका कंपनीच्या अंगात लाकडाचे थर एकावर एक चिकटवले जात होते, तर दुसरीच्या मानेचे चार स्क्रू तीनवर आले होते. साहजिकच वादक पन्नाशीच्या दशकातील जुन्या अमेरिकन गिटारी शोधू लागले आणि त्या महाग होत गेल्या. जपानी कारखान्यांनी नक्कल केली ती समोरच्या नव्या अमेरिकन गिटारीची नव्हे, तर वीस वर्षांपूर्वीच्या जुन्या गिटारीची. हामामात्सुच्या तोकाई कंपनीच्या ‘स्प्रिंगी साउंड’ आणि ‘लव्ह रॉक’ या मालिका त्याच प्रयत्नातून आल्या.

या कामाला सर्वांत मोठी दाद मूळ कंपनीनेच दिली, असे मी मानतो. मार्च १९८२ मध्ये फेंडरने कांदा शोकाई आणि यामानो गाक्की यांच्यासोबत जपानमध्ये स्वतंत्र कंपनी स्थापन केली आणि तिच्या गिटारी घडवण्याचे काम फुजिगेनकडेच सोपवले. त्या पहिल्या गिटारींचे क्रमांक ‘जेव्ही’ या अक्षरांनी सुरू होतात आणि आज संग्राहक त्या आवर्जून शोधतात. ज्या कारखान्याला नकलाकार म्हटले जात होते, त्यालाच मूळ नावाने गिटारी बनवण्याचा अधिकार मिळाला, ही गोष्ट ‘नक्कल’ म्हणून या गिटारींना बाजूला सारणाऱ्यांनी नीट विचारात घ्यावी.

विक्रेते अशा गिटारींना सरसकट ‘लॉसूट गिटार’, म्हणजे खटल्यातली गिटार, म्हणतात आणि त्या नावावर किंमत वाढवतात, त्यापासूनही सावध राहावे. गिब्सनची मालक असलेल्या नॉर्लिन कंपनीने १९७७ मध्ये फिलाडेल्फियाच्या न्यायालयात दावा दाखल केला, तो होशिनोच्या अमेरिकेतील एल्गर या कंपनीविरुद्ध, आणि त्यातील वादाचा मुख्य मुद्दा हेडस्टॉकच्या आकाराचा होता. दावा दाखल होण्याआधीच आयबानेझने तो आकार बदलायला घेतला होता, आणि प्रकरण न्यायालयाबाहेर तडजोडीने मिटले. ग्रेको, तोकाई किंवा अन्य कोणी त्या दाव्यात नव्हते. तुमच्या ग्रेकोला ते विशेषण लावून कोणी जादा पैसे मागितले, तर ते देण्याचे कारण नाही.

एक सोय मात्र या गिटारींच्या खरेदीत फार उपयोगी पडते. त्या काळात जपानी कंपन्या मॉडेलच्या क्रमांकात किंमतच लिहीत. ग्रेकोचे ईजी-५०० म्हणजे पन्नास हजार येनांची गिटार, ईजी-८०० म्हणजे ऐंशी हजार येनांची. यामाहाच्या १९७६ च्या एसजी-२००० ची किंमत दोन लाख येन होती. मॉडेलचा क्रमांक गिटारीवर सहसा सापडत नाही, म्हणून जुन्या कॅटलॉगशी ताडून पाहावे : कडांच्या पट्ट्यांचे थर किती, फ्रेटबोर्डावरील (मानेवर जेथे बोटे टेकतात त्या पट्टीवरील) नक्षीचे साहित्य कोणते, आतल्या खोबणीत दिसणारे लाकूड एकसंध आहे की तुकड्यांचे. एकाच वर्षाच्या दोन ग्रेको गिटारींमध्ये या दर्जाच्या फरकाने फार मोठे अंतर पडते, आणि बाहेरून ते अंतर चटकन कळत नाही.

तुमच्या तिसऱ्या गिटारीविषयीची शंका योग्य आहे. जपानी गिटारीवरचे नाव खरवडून अमेरिकन नाव चिकटवण्याचे प्रकार जगभर झाले आहेत. मालकांच्या परवानगीने तारा सैल करून मान उतरवा. मानेच्या टोकावर आणि ती बसते त्या खोबणीत शिक्के, पेन्सिलीचे आकडे आणि लाकडाचे खरे रूप दिसते. हे करताना एक काळजी घ्यावी. जपानी स्क्रूच्या माथ्यावरील फुली ही आपल्याकडे सर्रास मिळणाऱ्या फिलिप्स पेचकसाच्या फुलीपेक्षा किंचित वेगळी असते. साध्या पेचकसाने जोर लावला की माथा झिजतो आणि पन्नास वर्षे शाबूत राहिलेला स्क्रू एका मिनिटात खराब होतो. जपानी मापाचा, म्हणजे जेआयएस पेचकस मागवून मगच हात घालावा.

जुनी तार (नांदेड)

शिसवी पट्टी यांचे म्हणणे अचूक आहे, पण त्यांनी पहिल्या गिटारीकडे लक्षच दिले नाही, आणि माझ्या मते या तिघींत ठेवण्यासारखी तीच आहे.

ग्रेको उत्तम वाजेल यात शंका नाही. पण ती दुसऱ्या कोणाच्या कल्पनेची सुरेख अंमलबजावणी आहे. चार पिकअप, बटणांची ओळ आणि ओळखू न येणारे नाव असलेली तुमची पहिली गिटार बहुधा साठीच्या दशकातील आहे, आणि त्या दशकात जपानी कारागीर स्वतःच्या डोक्याने गिटारी आखत होते. या धंद्याची मुळे हवाईयन गिटारीत आहेत. मित्सुओ मात्सुकी यांची गुयाटोन युद्धापूर्वीपासून विजेवरच्या हवाईयन गिटारी बनवत होती, आणि १९४६ मध्ये गिटारवादक आत्सुओ कानेको आणि विद्युत-अभियंते दोर्यू मात्सुदा यांनी जी कंपनी काढली, ती पुढे तेइस्को म्हणून प्रसिद्ध झाली. जानेवारी १९६५ मध्ये अमेरिकेतील व्हेंचर्स या वाद्यसमूहाने जपानचा दौरा केला आणि तरुणांत इलेक्ट्रिक गिटारीचे असे वेड पसरले की कारखान्यांना मागणी पुरवणे कठीण झाले. दुसरीकडे अमेरिकेतील आयातदार स्वस्त गिटारी मागवून त्यांवर स्वतःची नावे लावत होते. एकाच कारखान्यातून निघालेल्या सारख्या गिटारींवर केंट, किंग्स्टन, सिल्व्हरटोन अशी वेगवेगळी नावे का दिसतात, याचे कारण हेच आहे. नावाची पट्टी हरवली म्हणून तुम्ही निराश होऊ नये. या गिटारीच्या बाबतीत नाव हा सर्वांत कमी विश्वासार्ह पुरावा आहे.

खरा पुरावा इतर भागांत असतो. खुंट्या एका बाजूला चार आणि दुसऱ्या बाजूला दोन अशा आहेत का? पिकअपच्या झाकणाच्या जाळीतून सोनेरी पत्रा दिसतो का? पुढची संरक्षक पट्टी रेघा असलेल्या धातूची आहे का? या खुणा तेइस्कोकडे, किंवा १९६७ मध्ये ती विकत घेणाऱ्या कावाईकडे निर्देश करतात. चारही बाजूंनी आणि आतून भरपूर छायाचित्रे काढून येथे टाकावीत, म्हणजे अधिक खात्रीने सांगता येईल.

या पिकअपांविषयी माझे मत ठाम आहे. त्या काळात ते स्वस्त पडावेत म्हणून तसे बनवले गेले, पण त्यांचा आवाज मोकळा आणि किंचित खरखरीत असून प्रत्येक तार वेगळी ऐकू येते. जाड गुंडाळीच्या पिकअपांत तो गुण सापडत नाही. शिकागोचे ब्लूज वादक हाउंड डॉग टेलर अशाच स्वस्त जपानी गिटारींवर स्लाइड (तारांवर नळी सरकवून) वाजवत. राय कूडर यांनी तर आपल्या फेंडर गिटारीत तेइस्कोचा सोनेरी पत्र्याचा पिकअप बसवून घेतला, आणि त्यानंतर जगभरचे वादक जुन्या तेइस्को गिटारी त्या पिकअपांसाठी मोडू लागले. चारही मूळ पिकअप जागेवर असलेली गिटार म्हणूनच अधिक मोलाची ठरते. मुका पिकअप काढून तेथे नवा बसवण्याचा मोह कृपया टाळावा.

रंगवण्याच्या सूचनेला माझा स्पष्ट विरोध आहे. ज्या ठिकाणी वादकाचा हात वर्षानुवर्षे घासला तेथील झीज, कडांवरचे टवके, पिवळसर झालेले पारदर्शक थर हे सारे त्या वस्तूच्या वयाचे पुरावे आहेत, आणि एकदा घासून काढले की कोणत्याही खर्चात परत मिळत नाहीत. ओलसर मऊ कापडाने धूळ पुसावी, स्क्रू आणि धातूचे भाग कोरडे करावेत, आणि तेथेच थांबावे.

हे लिहिताना जाणवले, म्हणून नोंदवतो. आपल्याकडे वरातीत ज्या बेंजोची सुरावट हमखास ऐकू येते, त्या कळा असलेल्या वाद्याचे मूळही जपानी आहे. १९१२ मध्ये नागोयात गोरो मोरिता यांनी ‘ताइशोगोतो’ हे वाद्य बनवले आणि त्याचीच आवृत्ती भारतात रुळली. जपानी तंतुवाद्याला विजेची जोड देऊन मैदानातल्या गर्दीपर्यंत आवाज पोहोचवणे ही मराठवाड्याला नवी गोष्ट नाही, आणि तुमच्या ऑर्केस्ट्राची गिटार मला त्याच परंपरेत बसलेली दिसते.

डाख (लातूर)

मी दुरुस्तीचे काम करतो, त्यामुळे फक्त व्यावहारिक बाबींवर लिहितो.

सर्वांत आधी अ‍ॅम्प्लिफायर. तो जपानी असेल तर त्याच्या मागे १०० व्होल्ट लिहिलेले असेल. तो आपल्या २३० व्होल्टच्या बोर्डात थेट लावला तर ट्रान्सफॉर्मर जळेल. बाजारात जे उतरते ट्रान्सफॉर्मर सहज मिळतात ते बहुतेक ११० व्होल्टचे असतात, आणि जुन्या व्हॉल्व्हच्या अ‍ॅम्प्लिफायरसाठी तो दहा टक्क्यांचा फरकही चांगला नाही. नेमका १०० व्होल्टचा, गुंडाळ्या एकमेकींपासून अलग असलेला ट्रान्सफॉर्मर करून घ्यावा. दुसरी बाब जिवाशी संबंधित आहे. गिटारीच्या तारा वायरिंगमधून अ‍ॅम्प्लिफायरच्या धातूच्या सांगाड्याशी जोडलेल्या असतात. दोन पिनांचा प्लग, अर्थिंग नसलेले घर आणि जुना गळका कॅपॅसिटर हे तिन्ही एकत्र आले, तर वादकाच्या हातात वीज येते. अर्थिंग तपासल्याशिवाय तो अ‍ॅम्प्लिफायर कोणीही सुरू करू नये, मालकांच्या घरी केवळ ऐकून पाहण्यासाठीसुद्धा नाही.

मुक्या पिकअपविषयी. मल्टिमीटरने त्याच्या दोन्ही तारांमधील रोध मोजा. काही हजार ओहम दाखवले तर पिकअप जिवंत असून दोष बटणात किंवा तारांच्या डाखात (सोल्डरच्या जोडात) आहे, आणि या गिटारींत बहुतेक वेळा तसेच निघते, कारण बटणांचे संपर्क काळे पडतात. संपर्क साफ करण्याचा स्प्रे मारून बटण पुष्कळदा दाबावे. मीटरने काहीच दाखवले नाही तर गुंडाळीची तार तुटली आहे. ही तार केसाएवढी बारीक असते आणि ती बहुधा बाहेरच्या जाड वायरीशी जोडलेल्या टोकाशीच तुटते. तेथे ती भिंगाखाली पुन्हा जोडता येते. पूर्ण गुंडाळी नव्याने करणे हा अगदी शेवटचा उपाय आहे.

मानेची तपासणी खरेदीपूर्वीच करावी. साठीच्या स्वस्त गिटारींच्या मानेत पोलादी पट्टी असली तरी ती बऱ्याचदा फिरवून नीट करता येत नाही. पहिल्या आणि शेवटच्या फ्रेटवर (फ्रेटबोर्डावरील धातूच्या आडव्या पट्टीवर) तार दाबून मधल्या फ्रेटपाशी किती फट राहते ते पाहा. फट मोठी असेल आणि मान सरळ करण्याची सोय नसेल, तर दुरुस्ती गिटारीपेक्षा महाग पडेल. यावर मी ‘जुनी तार’ यांच्याशी सहमत नाही : मान वाकलेली असेल तर पहिली गिटार, पिकअप कितीही उत्तम असले तरी, घेऊ नये. ग्रेकोत फिरवता येणारा रॉड आहे, तो दोन्ही बाजूंना फिरतो का एवढे पाहावे.

हवामानाचे म्हणाल तर मराठवाड्यात लाकडाचे नुकसान उष्णतेपेक्षा ओलाव्याच्या चढउताराने अधिक होते. मे महिन्यात हवा इतकी कोरडी होते की फ्रेटबोर्ड आकसतो आणि फ्रेटची टोके कडेने बोटांना टोचू लागतात. रात्री त्याच खोलीत कूलर लावला की काही तासांत ओलावा चढतो, सकाळी कूलर बंद झाला की पुन्हा उतरतो. गिटार ज्या खोलीत कूलर आहे तेथे किंवा पत्र्याच्या छताखाली कधीही ठेवू नये. पेटीत ओलावामापक ठेवून तो ४५ ते ५५ टक्क्यांच्या आसपास राहील असे पाहावे. पावसाळ्यात सिलिका जेलच्या पुड्या ठेवाव्यात. उन्हाळ्यात मात्र त्या आठवणीने काढून टाकाव्यात, कारण अनेक जण त्या वर्षभर तशाच ठेवतात आणि लाकूड सुकवतात. फ्रेटबोर्डाला खोबरेल किंवा स्वयंपाकाचे तेल लावण्याची सवय आपल्याकडे दिसते. ते तेल मुरून चिकट होते आणि धूळ धरते. खास फ्रेटबोर्डासाठी मिळणारे तेल वर्षातून एकदा, दोन थेंब पुरे.

पूर्णाकाठ (परभणी)

सर्वांचे मनापासून आभार. मालकांच्या परवानगीने आणि योग्य पेचकस मागवून मी तिसऱ्या गिटारीची मान उतरवून पाहिली. खोबणीत प्लायचे थर स्पष्ट दिसतात आणि मानेच्या टोकावर जपानी लिपीतील एक फिकट शिक्का आहे, तेव्हा हेडस्टॉकवरील अमेरिकन नाव खोटे आहे हे निश्चित झाले. पहिल्या गिटारीला खुंट्या चार आणि दोन अशाच आहेत, पिकअपच्या जाळीतून सोनेरी पत्रा दिसतो, आणि मुक्या पिकअपने मीटरवर रोध दाखवला. तिच्या मधल्या फ्रेटपाशी मात्र जाड पोस्टकार्ड सहज सरकेल एवढी फट आहे. अ‍ॅम्प्लिफायर मी सुरू केलेला नाही.

डाख (लातूर)

एवढी फट पाहून तिला नाकारू नये. तारा पूर्ण सैल करून आठवडाभर ठेवा आणि पुन्हा मोजा. जाड तारांच्या ओढीने आलेला बाक काही प्रमाणात परत जातो. त्यानंतर नऊच्या, म्हणजे सर्वांत बारीक तार ०.००९ इंचाची असलेल्या संचाने ती चढवून पाहा. तरीही फट तेवढीच राहिली, तर फ्रेट काढून बोर्ड समतल करावा लागेल, आणि तो खर्च धरूनच किंमत ठरवा.

शिसवी पट्टी (छत्रपती संभाजीनगर)

सोनेरी पत्र्याविषयी वाचून ‘जुनी तार’ यांचा मुद्दा मी मान्य करतो : मान सुधारणार असेल तर पहिली गिटार आणि ग्रेको या दोन्ही घ्याव्यात. तिसरी घेतली, तर मालकांना तिचे खरे स्वरूप आधी सांगा आणि ते खोटे नाव काढून टाका, म्हणजे पुढच्या खरेदीदाराची फसवणूक होणार नाही. शिकणाऱ्या मुलासाठी ती गिटार चांगली आहे. परभणीत असा कोणी असेल, तर तिला तेथेच जाऊ द्यावे.